झाकणाऱ्याचे आभार

अखमीम, ३ हातूर
(तुझ्या कॅलेंडरात १२ नोव्हेंबर)

वदीअ,

'प्रभूमध्ये प्रिय भगिनी' अशी सुरुवात असलेलं तुझं पत्र पोचलं. एकोणतीस वर्षांत मी तुला प्रिय असल्याचं तू कधी कळवलं नव्हतंस, म्हणून पाकीट उलटून पुन्हा पत्ता वाचला. पत्ता माझाच होता.

कापडाचं पार्सलही मिळालं. लाल रंग बरा आहे. कापड मात्र मखमल नाही, मखमलीची साक्ष देणारं काहीतरी आहे. सुई घातली की कुरकुरतं. टोरोंटोत एवढ्या थंडीत हेच मिळत असेल.

तुझी ऑर्डर समजली. आपल्या देवळात वेदीपुढे टांगायचा पडदा, मधोमध क्रूस, आणि खाली जरीची अक्षरं: 'हे प्रभो, तुझा कृतज्ञ सेवक, प्रचारक वदीअ जखारी याची आठवण ठेव, ज्याला तू अंधारातून बाहेर काढलंस.' मी पंचवीस वर्षं देवळांचे पडदे भरते आहे. खाली देणाऱ्याचं नाव घालायची आपली रीतच आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण देवाला स्वतःचा हुद्दा कळवणारा तू पहिलाच. शिवाय अक्षरं इतकी आहेत की ती मावायची तर क्रूस लहान करावा लागेल. चालेल ना, ते कळव. मला वाटतं तुला चालेल.

तू आपल्या नाताळात, ७ जानेवारीला, कैरोमार्गे इथे येणार, तीन दिवस उपकारस्तुतीची सभा घेणार, साक्ष देणार, हे मला तुझ्या पत्राआधी एव्होनच्या पार्लरमध्ये कळलं. तिथे भिंतीवर टीव्ही आहे आणि त्यावर तुझं चॅनल लागतं. डोक्याला मेंदी थापून बसलेल्या पाच बायका आणि मी, अशी आम्ही तुझी पूर्ण साक्ष ऐकली.

एव्होन म्हणाली, "अगं इन्साफ, तुझा भाऊ बघ की. दात केवढे पांढरे झालेत."

मी म्हटलं, "दात त्याचेच असतील असं नाही."

"आणि रडतो किती छान. नाक अजिबात येत नाही."

"लहानपणापासून येत नाही," मी म्हटलं.

तू चाळीस मिनिटं बोललास. त्यातली बारा बाबांच्या दारूवर गेली. माग चालवून दिवसभर पाय सुजलेला माणूस रविवारी दोन घोट घ्यायचा आणि गाणी म्हणत झोपायचा. तुझ्या साक्षीत तो राक्षस झाला. मेलेला बाप साक्षीत फार उपयोगी पडतो, उठून खोडून काढत नाही. मग आठ मिनिटं तुझा गांजा. तुझ्या गांजाबद्दल मला काही म्हणायचं नाही, तू तो अर्ध्या गावासमोर ओढायचास. मग दोन शब्द आले. मी ते नीट ऐकले, कारण त्या दोन शब्दांपाशी तू घड्याळाकडे पाहिलंस. 'चोरीही केली.' आणि लगेच 'पण प्रभूने...' सुरू.

शाळेत आपल्याला व्याकरण एकाच मास्तरांनी शिकवलं. चोरी केली, तर काय चोरलं, कुणाचं चोरलं आणि ते कुणाच्या गळ्यात पडलं, हे वाक्यात कुठेतरी यावं लागतं. तुझं वाक्य तिथेच संपलं आणि संगीत सुरू झालं.

आपली उपकारस्तुतीची प्रार्थना तुला आठवते का? कुठलीही प्रार्थना तिच्यापासूनच सुरू होते, लग्न असो की मयत. दयाळू देवाचे आभार मानू या, कारण त्याने... आणि मग सात क्रियापदं. राखलं, सांभाळलं, इथवर आणलं, वगैरे. पहिलं कोणतं? 'झाकलं.' सगळ्यात आधी आपण त्याचे आभार मानतो ते त्याने आपल्याला झाकलं म्हणून. तू बाबांना उघडं पाडलंस आणि स्वतःचं नेमकं जे उघडायला हवं होतं त्यावर रुमाल टाकलास. झाकणाऱ्याचे आभार तू सगळ्यात जास्त मानायला हवेस. तो कोण होता, ते मात्र नीट आठवून मान.

फोनवर बोलले असते, पण तुझा नंबर तू बदललास. तुझ्या चॅनलच्या प्रार्थनेच्या फोनवर लावून पाहिला. एक गोड मुलगी म्हणाली, "ताई, तुमची समस्या सांगा." मी म्हटलं, "माझा भाऊ." ती म्हणाली, "तो प्रभूपासून दूर आहे का?" मी म्हटलं, "नाही, प्रभूच्या नावावरच चाललंय त्याचं." तिने माझ्यासाठी प्रार्थना केली आणि फोन ठेवला.

तुझी बहीण, नाइलाजाने,
इन्साफ


अखमीम, १६ हातूर
(२५ नोव्हेंबर, आजपासून नाताळाचा उपास)

वदीअ,

तुझं उत्तर दहा दिवसांत आलं, म्हणजे घाबरलास. सोबत तुझा फोटो असलेली पुस्तिकाही आली. फोटोत तू आकाशाकडे बघतो आहेस. आकाशाकडे बघताना हनुवटीखालचं मांस दिसत नाही, हे ज्याने सुचवलं तो हुशार आहे.

तू लिहितोस, 'ते पाप रक्ताने धुतलं गेलं, देवाने ते समुद्राच्या तळाशी टाकलं, तू ते उकरू नकोस.' बरं. पण समुद्राच्या तळाशी तुझं पाप गेलं, तेव्हा त्याला एक माणूस बांधलेला होता. तो अजून खालीच आहे. तुझ्या विसरण्याने तो वर आलेला नाही.

तू नाव विचारलेलं नाहीस, म्हणून मीच लिहिते. बिसादाकाका. देवळाचा सेवक, किल्ल्या सांभाळणारा, वेदीवरची पवित्र भाकर भाजणारा. आता एक्क्याऐंशी वर्षांचा आहे. डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही. तू गेल्यापासून त्याचं काय झालं ते तुला कुणी कळवलं नसेल, आणि तूही विचारलं नसशील.

आधी काय झालं ते लिहिते, म्हणजे 'कुठली चोरी' असं तुला लिहायला नको. त्या रविवारी पहाटे काका भट्टीच्या खोलीत होता. दार लावून, उपाशी पोटी, मोठ्याने स्तोत्रं म्हणत पीठ मळत होता, त्याची रीतच तशी. हात पिठात जायचे म्हणून किल्ल्या दाराबाहेर खिळ्याला टांगायचा. शुभवर्तमानाच्या ग्रंथाचं चांदीचं वेष्टन आदल्या संध्याकाळी सगळ्यांनी ओठांना लावलं होतं. सकाळी अबूना, देवळाचे पुरोहित, आले तेव्हा ग्रंथ वेष्टनाशिवाय पडलेला. किल्ल्या एकाच माणसाकडे. तीन महिन्यांनी तू ग्रीसच्या बोटीवर होतास, आणि बाबांकडे तर माग दुरुस्त करायला पैसे नव्हते.

पोलिसांना कुणी बोलावलं नाही. म्हातारे अबूना म्हणाले, देवळाची गोष्ट आहे, झाकून टाकू. तक्रार नाही, चौकशी नाही, कुठे एक ओळ नाही. काकाला फक्त सांगितलं की उद्यापासून येऊ नको. लोक म्हणाले, बघा, किती दयेने मिटवलं. त्या दयेमुळे त्याला कधी कुणापुढे उभं राहून 'मी नाही' असं म्हणता आलं नाही. ज्याच्यावर आरोपच केला नाही, तो निर्दोष कसा सुटणार?

त्यानंतर तो घरच्या अंगणात उन्हात फुगवलेल्या भाकरी भाजून विकायचा. लग्नाच्या घरी त्याच्या भाकरी चालायच्या, त्याला मात्र स्वयंपाकघराच्या बाहेर उभं करायचे. बाजारात तो दिसला की अजूनही कुणीतरी म्हणतं, "बिसादा आला, ग्रंथ सांभाळा." ज्यांनी तो विनोद सुरू केला ते मेले. आता त्यांची मुलं म्हणतात, त्यांना त्याचा अर्थही माहीत नाही.

दर रविवारी तो येतो आणि खांबामागे बसतो. उपकारस्तुती सगळ्यांबरोबर म्हणतो. मी बायकांच्या बाजूला अगदी कडेला असते, मला त्याचा आवाज येतो. पहिलं क्रियापद तो म्हणत नाही. तिथे तो श्वास घेतो आणि दुसऱ्यापासून पुढे म्हणतो. एकोणतीस वर्षांत एकदाही चुकून म्हटलेलं मी ऐकलं नाही.

मागच्या आठवड्यात तो अंगरख्याची बाही शिवायला घेऊन आला. मी मसुराचं सार पुढे ठेवलं.

म्हणाला, "तुझा भाऊ टीव्हीवर देवाचे आभार फार मानतो म्हणे."

"मानतो."

"मग देवाने त्याचं बरंच केलं असणार. पोरी, मीठ विसरलीस."

मी मीठ दिलं. तो म्हणाला, "मला डॉक्टरने सांगितलंय, हे हृदय उन्हाळा बघणार नाही. मला एकदा ती भाकर भाजायचीय. नाताळाच्या आधी. एकदाच. मग बंद पडू दे हृदय." आणि हसला. "नव्या अबूनांना विचारलं मी. पोरगा चांगला आहे. त्याने जुनी वही काढून शोधलं. म्हणाला, काका, तुम्हांला काढल्याचं कुठेच लिहिलेलं नाही, मग मी रद्द काय करू? आणि लोक म्हणतील त्याचं काय करू? कुणी सांगणारं असेल तर आणा."

नवे अबूना म्हणजे अबूना मकारी, तिशीचा मुलगा. त्याचं बरोबर आहे. त्याला सांगणारं कुणीतरी हवं.

तर तू येतोच आहेस. साक्ष द्यायचीच आहे. तीन दिवसांतली तीन वाक्यं बिसादाकाकासाठी काढ. वेष्टन मी घेतलं. किल्ल्या खिळ्यावरून मी काढल्या. त्याने नाही. एवढ्याने त्याला पीठ मळता येईल. संगीताची गरज नाही.

आणि 'तूही इतकी वर्षं गप्पच होतीस' असं लिहिण्याआधी ऐक. हो, होते. आईने माझे पाय धरले होते. मोठ्या बहिणीचे पाय आईने धरायचे, तेही धाकट्यासाठी, असं आपल्या घरात झालं. आता आई गेली. मी गप्प राहिले, माझ्या वाट्याचं पाप तेवढं आहे, ते मी मान्य करते. तुझ्या वाट्याचं तू कर.

इन्साफ


अखमीम, ५ किहाक
(१४ डिसेंबर)

प्रचारक वदीअ जखारी यांस,

तुमच्या कार्यालयाचं पत्र मिळालं. मला नाही, बिसादाकाकाला. जाड कागद, वर कबुतर. त्याला आता अक्षरं दिसत नाहीत म्हणून तो माझ्याकडे घेऊन आला. पडदा ताणलेली भरतकामाची चौकट भिंतीला टेकवली, त्याला खुर्ची दिली, काळा चहा दिला आणि वाचायला लागले.

'आदरणीय श्री. बिसादा, आमचे बंधू वदीअ यांनी आपल्याविषयी मोठ्या प्रेमाने सांगितले...'

"कुणी सांगितलं?" काका म्हणाला.

"वदीअने."

"बरं. प्रेमाने. पुढे."

'नाताळाच्या सभेत व्यासपीठावर यावे, अशी आमची इच्छा आहे. चित्रीकरण होईल. जाण्यायेण्याची सोय करण्यात येईल.' पुढची ओळ मी वाचली नाही. सरळ शेवटावर गेले: 'ख्रिस्तात आपले.'

काका चहा फुंकत राहिला. मग म्हणाला, "मधली ओळ गाळलीस."

"कुठली?"

"मला काय माहीत कुठली. पण गाळताना श्वास कसा अडकतो ते मला माहितीय. मी दर रविवारी गाळतो. वाच."

म्हणून वाचली. तुझ्या कार्यालयातल्या मुलींनी टाइप केलेली ती ओळ इथे पुन्हा लिहिते, तुला लाज वाटावी म्हणून नाही, नोंद राहावी म्हणून: 'त्या जुन्या चांदीच्या चोरीबद्दल बंधू वदीअ आपल्याला सर्वांसमोर मोकळ्या मनाने क्षमा करू इच्छितात.'

काकाने चहाचा एक घोट घेतला. मग म्हणाला, "जेवण देणार आहेत का?"

तू लगेच म्हणशील, कार्यालयाची चूक झाली. झालीच असेल. त्या मुलींना एक चोरी आणि दोन माणसं एवढं कळलं असणार. एक टीव्हीवर टाय घालून बसलेला, दुसरा उन्हात भाकरी विकणारा. चोर कोण ते त्यांनी स्वतःच ठरवलं, जसं आपल्या गावाने ठरवलं होतं. पण पत्राखाली सही तुझी आहे, शाईची. तू वाचून सही केलीस. तुला फक्त दोन नावांची अदलाबदल करायची होती. पेन तर हातातच होतं.

मी पत्र चौकटीवर ठेवलं आणि त्याला म्हटलं, "काका, मी त्या पहाटे भट्टीच्या बाहेर होते. आईने पीठ देऊन पाठवलं होतं. तुम्ही एकदाही आतून हलला नाहीत. सगळी स्तोत्रं मी ऐकली."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तू बाहेर होतीस ते. मोठ्या स्तोत्राच्या मध्यावर खोकलीस. पिठाने तुला नेहमी खोकला यायचा. मी सांगितलं होतं त्या अबूनांना. जखारीची पोरगी दाराशी होती, तिला विचारा, मी बाहेर आलो का ते तीच सांगेल." त्याने कप खाली ठेवला. कपाला जागा शोधायला त्याला हाताने चाचपावं लागतं. "त्यांनी तुला विचारलं."

वदीअ, मागच्या पत्रात मी लिहिलं की गप्प राहिले. ते खोटं होतं. मी गप्प नव्हते राहिले. म्हातारे अबूना आपल्या ओसरीवर आले होते. तू माळ्यावर होतास, तुला ऐकू आलंच असेल. त्यांनी विचारलं, "मुली, बिसादा आत होता का? स्तोत्रं ऐकलीस?" आणि मी म्हटलं, "दार बंद होतं, अबूना. मला काही ऐकू आलं नाही." हे माझ्या तोंडचे शब्द. आईने पाय धरले ते त्यानंतर, उपकार मानायला. आधी नाही. इतकी वर्षं मी तो क्रम उलटा सांगत आले, स्वतःलाही.

आणि नुसतं ऐकलंच नाही, मी पाहिलंही. तू देवळाच्या बाजूच्या दाराने बाहेर आलास, काखेत तुझा सेवेचा पांढरा झगा गुंडाळलेला. मला म्हणालास, "धुवायला नेतो." मी तेव्हाही शिवणकाम करायचे. गुंडाळलेल्या कापडाला कोपरे नसतात. त्या झग्याला चार होते.

आईने माझं नाव इन्साफ ठेवलं आणि तुझं वदीअ, म्हणजे सौम्य. नावं ठेवताना आपण दोघं झोपलेलो असणार.

मी काकाला विचारलं, "मग इतकी वर्षं माझ्याकडे बाह्या कशाला शिवून घेतल्या? मला तोंडावर विचारलं का नाही?"

म्हणाला, "विचारलं होतं की. एकदा विचारून झालं होतं. आणि तुझी शिवण चांगली आहे."

माफ केलं असं तो म्हणाला नाही. मीही मागितलं नाही. दार उघडून दिलं तेव्हा उंबऱ्यावर थांबून एवढंच म्हणाला, "नाताळाला तीन आठवडे आहेत. पीठ चाळायला एक दिवस लागतो." आणि गेला.

म्हणून तुला शेवटचं विचारते. क्षमा करायला येऊ नकोस. सांगायला ये. आलास तर तुझ्या शेजारी मी उभी राहीन आणि माझं मी सांगेन. नाही आलास, तर मी एकटी सांगेन, आणि मग तुझंही मलाच सांगावं लागेल. तुझ्याइतकं छान मला रडता येत नाही.

इन्साफ


अखमीम, ३० किहाक
(८ जानेवारी)

वदीअ,

तू आला नाहीस. 'सेवेचा भार वाढल्यामुळे बंधू वदीअ यंदा कैरोपर्यंतच येतील, अखमीमच्या भगिनींसाठी ते प्रार्थना करत आहेत,' असा निरोप तुझ्या चॅनलच्या त्याच गोड मुलीने दिला. मी तिला म्हटलं, त्यांना सांग, भगिनींचं काम झालं.

कसं झालं ते लिहिते. तुझ्या साक्षीसारखं रंगणार नाही.

दोन रविवारांमागे मी उपासनेच्या आधी अबूना मकारींकडे गेले. सगळं ऐकून ते पांढरे पडले. म्हणाले, "इन्साफताई, तुम्ही लिहून द्या, मी वाचून दाखवतो. तुम्हांला उभं राहायला नको."

मी म्हटलं, "नको. तेव्हा मी स्वतःच्या तोंडाने बोलले होते."

तेवढ्यात मंडळाचे जुने सभासद नस्सीम आत आले, कान दाराशीच होते त्यांचे. म्हणाले, "अहो बाई, या वयात कशाला? तो म्हातारा झालाय, तुमचा भाऊ एवढा मोठा झालाय. झाकून टाका."

मी म्हटलं, "नस्सीमदादा, तेच केलं होतं. झाकणाखाली माणूस होता."

उपासना संपल्यावर, आशीर्वादाची भाकर वाटायच्या आधी, मी बायकांच्या बाजूने उभी राहिले. भाषण पाठ केलं होतं, ते विसरले. जे निघालं ते असं: "वेष्टन माझ्या भावाने, वदीअने घेतलं. बिसादाकाका भट्टीतून हलला नव्हता, मी दाराशी होते. मला अबूनांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले." एवढंच. पुढचा बाक धरला. तिथे बसलेल्या बाईने तिची पर्स पलीकडे सरकवली. म्हणजे तो विनोद आता माझ्याकडे आला.

कुणी ओरडलं नाही. कुणी रडलं नाही. एव्होन हळूच म्हणाली, "आणि मी त्याच्या दातांचं कौतुक केलं." खांबामागून काकाचा आवाज आला, सगळ्यांना ऐकू जाईल असा: "तीन वाक्यं पाठ करायला पोरीला एकोणतीस वर्षं लागली." काही लोक हसले. मला ते हसू थपडेसारखं लागलं आणि बरं वाटलं.

शेजारच्या सोहाग शहरातल्या देवळाने मला दिलेली पडद्यांची ऑर्डर मागे घेतली आहे. खोटं बोलणाऱ्या हाताचं काम त्यांना वेदीपुढे नको. मी त्यांच्याशी भांडणार नाही. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं आहे असंही नाही.

नाताळाच्या आधीच्या रविवारी काकाने भाकर भाजली. डोळ्यांनी दिसत नाही म्हणून अबूना स्वतः आत होते, पण पिठाला हात लावायची त्यांना परवानगी नव्हती. पीठ घेऊन मी गेले. दाराबाहेर थांबले. किल्ल्या खिळ्याला टांगलेल्या होत्या. आत काका स्तोत्रं म्हणत होता, आवाज पहिल्यासारखा नाही, मधे मधे दम खायचा. मोठ्या स्तोत्राच्या मध्यावर मला खोकला आला.

आतून आवाज थांबला. काका म्हणाला, "ऐकू येतंय ना?"

मी म्हटलं, "येतंय, काका."

"मग ठीक," तो म्हणाला आणि पुढे म्हणू लागला.

पहिला घाणा फुटला. क्रूसाचा ठसा तिरका बसला, भोकं पाचाऐवजी सहा पडली. त्याने बोटांनी चाचपून शिव्या घातल्या, भट्टीच्या खोलीत, उपासात, अबूनांसमोर. दुसरा घाणा नीट झाला. तोच वेदीवर गेला.

आता पडद्याचं. तुझ्या कापडावर भरला नाही, ते परत पाठवते आहे, कुरकुरतं. माझ्याकडे आईने ठेवलेली जुनी मखमल होती. क्रूस लहान करावा लागला नाही. खाली अक्षरं अशी घातली: 'हे प्रभो, तुझा सेवक बिसादा, भाकर भाजणारा, याची आठवण ठेव. त्याने घेतलं नव्हतं.' आणि त्याखाली, ज्यांना नाव लावायचं नसतं अशा देणाऱ्यांसाठी आपल्याकडे जे लिहितात ते: 'देणारा, ज्याचं नाव तुला ठाऊक आहे.' तुझी जागा तेवढीच. 'देणारा' आणि 'घेणारा' यांत एकाच अक्षराचा फरक आहे. मी ते अक्षर दोनदा उसवलं आणि दोनदा भरलं. शेवटी 'दे'च ठेवलं. देव वाचेल तसं वाचेल.

त्या सकाळी उपासना सुरू व्हायच्या आधी मी काकाचा हात धरून त्याला पडद्यापाशी नेलं. त्याने जरीवरून बोट फिरवलं, स्वतःच्या नावापाशी थांबला. म्हणाला, "दुसऱ्या अक्षराचा एक टाका सुटलाय." खरंच सुटला होता. तो मी तसाच ठेवला आहे. तू आलास तर त्यावरून ओळखशील की हात लावून कुणी वाचलं.

मग तो खांबाकडे गेला नाही. पुढच्या रांगेत बसला, आणि मी माझ्या कडेच्या जागी गेले. अबूनांनी उपकारस्तुती सुरू केली. दयाळू देवाचे आभार मानू या, कारण त्याने...

काकाने ते क्रियापद म्हटलं. मोठ्याने, सावकाश, जणू दातांत अडकलेलं काहीतरी बाहेर काढावं तसं. 'झाकलं.'

मला म्हणता आलं नाही. तिथे मी श्वास घेतला आणि दुसऱ्यापासून पुढे म्हटलं.

तुझ्या पुढच्या कार्यक्रमात तू ते म्हणशील तेव्हा एव्होनच्या पार्लरमध्ये बसून मी ऐकणार आहे. श्वास कुठे घेतोस ते मला कळेल.

साक्षीदार,
इन्साफ जखारी